दवाखाने फिरून झाले, आजार सापडत नाही? मग फाइल अशी बांधा

आपल्या खान्देशात घरात न कळणारं दुखणं आलं की क्रम ठरलेला असतो. आधी गावातला डॉक्टर, मग तालुक्याचा, मग जळगाव नाहीतर धुळ्याचा मोठा डॉक्टर, तिथेही गुण नाही आला तर कोणी नाशिक गाठतं, नंदुरबार-नवापूरकडचे लोक सुरतला जातात, कोणी संभाजीनगरला, आणि प्रत्येक ठिकाणी तपासण्या परत पहिल्यापासून. पिशवीत रिपोर्ट कोंबलेले, त्यातले निम्मे सापडत नाहीत, जुन्या गोळ्यांची नावं कोणाला आठवत नाहीत. यात नुसता पैसा जात नाही, आजार ओळखायचा वेळ जातो आणि काही आजारांत तोच वेळ सगळ्यात महागाचा असतो.

दुर्मिळ आजारांचे ७००० पेक्षा जास्त प्रकार आहेत आणि त्यातले साधारण ८० टक्के अनुवांशिक म्हणजे जन्मापासून जीन्समध्ये असलेले. जागतिक आरोग्य संघटना दर १००० लोकांत १ किंवा त्याहून कमी जणांना होणाऱ्या, आयुष्यभर राहणाऱ्या आजाराला दुर्मिळ म्हणते. म्हणजे चांगल्या, अनुभवी डॉक्टरने सुद्धा त्यातले बरेचसे आजार फक्त कॉलेजच्या पुस्तकात पाहिलेले असतात. पण मला सांगायचंय ते वेगळं आहे. निदान अडतं ते बहुतेक वेळा डॉक्टर हुशार नाही म्हणून नाही, तर पूर्ण गोष्ट एकाही डॉक्टरसमोर एका वेळी येत नाही म्हणून. हाडाच्या डॉक्टरने गुडघा पाहिला, पोटाच्या डॉक्टरने लिव्हर पाहिलं, डोळ्याच्या डॉक्टरने डोळे, आणि ह्या तिन्ही तक्रारी एकाच पोराच्या आहेत हे फक्त त्याच्या आईला माहिती. म्हणून ती गोष्ट नीट जुळवून कागदावर आणायचं काम घरच्यांनाच करावं लागतं, दुसरं कोणी करणार नाही.

आधी साधं काय ते बघून घ्या

नेटवर वाचून एकदम मोठ्या नावाच्या आजारावर उडी मारू नका. हातापायाला मुंग्या, चक्कर, विसरभोळेपणा हे बी-१२ कमी असल्याने पण होतं आणि ते आपल्याकडे भरपूर आहे. थायरॉईड, शुगर, टीबी, रक्त कमी असणं हे आधी तपासून व्हायला पाहिजे. आणि एक आजार असा आहे जो बाकी महाराष्ट्राला दुर्मिळ वाटेल पण नंदुरबार, धुळे आणि जळगावच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात, भिल्ल-पावरा समाजात तो अजिबात दुर्मिळ नाही, तो म्हणजे सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. हातपाय दुखणं, अंगात रक्त न टिकणं, डोळे पिवळे होणं, लहान बाळाच्या हातापायाची बोटं सुजणं, आणि घरचे समजतात वात आहे नाहीतर कावीळ आहे. हा माणूस पुण्या-मुंबईच्या डॉक्टरकडे गेला आणि आपण कुठल्या भागातले ते सांगितलंच नाही तर त्या डॉक्टरच्या डोक्यात सिकलसेल उशिरा येईल. म्हणून गाव, तालुका, समाज हे न लाजता सांगायचं, हे जातीपातीचं नाही, निदानाचं आहे.

सिकलसेलच्या तपासणीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. गावात शिबिरात जी पटकन होते ती सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल आहे का नाही एवढंच सांगते, माणूस नुसता वाहक (दोष अंगात आहे पण आजार नाही) आहे की त्याला आजार आहे हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी लागते. आणि रक्त चढवल्यावर लगेच एचपीएलसी केली तर दुसऱ्याचं रक्त मिसळलेलं असल्याने रिपोर्ट फसवू शकतो. तेव्हा रक्ताची बाटली लावायच्या आधी सॅम्पल काढून ठेवा असं डॉक्टरांना आठवणीने म्हणा. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, त्यात ४० वर्षापर्यंतच्या लोकांची तपासणी करतात, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

शंका कधी घ्यायची

दर चार तापांमागे दुर्मिळ आजार शोधायचा नाही. पण काही खुणा दिसल्या तर थांबून विचार करायचा. तेच ते औषध परत परत चालू आहे आणि आजार परत परत येतोय. एकाच माणसाला वेगवेगळ्या अवयवांच्या तक्रारी आहेत ज्यांचा एकमेकांशी काही संबंध वाटत नाही. भावंडात, मामाला, मावशीच्या पोराला असंच काही होतं. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण, लहान मूल शिकलेलं विसरायला लागलं, चालत होतं ते पडायला लागलं, बोलत होतं ते गप्प झालं. ह्या शेवटच्या गोष्टीला 'मोठं झालं की सुधरेल' म्हणून बिलकुल सोडू नका.

आमच्या नात्यातल्या एका पोराचं उदाहरण सांगतो. चार वर्षाचा, सारखा पडायचा, जिना चढताना कठड्याला धरायचा. तापात रक्त तपासलं तर एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले, म्हणून लिव्हरचं सिरप सुरू झालं आणि ते कितीतरी महिने चाललं, परत तपासलं तरी आकडा तसाच. आता ही दोन एन्झाइम लिव्हरमध्ये असतात तशी स्नायूतही असतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पोराला कावीळ नाही, पोट फुगलेलं नाही, जीजीटी (लिव्हरचं एन्झाइम, जे स्नायूत जवळजवळ नसतं) नॉर्मल, पण पोटऱ्या मात्र जाडजूड आणि खालून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो, तर मग सीपीके नावाची, स्नायूंची झीज दाखवणारी साधी रक्ततपासणी करायला पाहिजे. त्याचा सीपीके हजारोंत आला आणि पुढे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा अनुवांशिक आजार) निघाली. ही टेस्ट जळगावातच होते, त्यासाठी मुंबईला जायची गरज नव्हती. त्याची आजी पहिल्या दिवसापासून सांगत होती, 'पोर्‍या घडी घडी पडस' (पोरगा सारखा सारखा पडतो), पण केसपेपरवर लिहिलं गेलं ते फक्त ताप आणि लिव्हर.

फाइल बांधायची कशी

एक दोनशे पानी वही आणि एक प्लास्टिकच्या कप्प्यांची फाइल घ्या. वहीच्या पहिल्या पानावर तारीखवार गोष्ट लिहायची, जन्मापासून. बाळंतपण कसं झालं, रडलं का, मान कधी धरली, कधी चाललं, पहिला त्रास नेमका कधी आणि कशाने सुरू झाला. मोठा माणूस असेल तर शेवटचं पूर्ण ठणठणीत कधी होता तिथून सुरुवात करा. तारीख आठवत नसेल तर सणावरून, कापूस वेचणीवरून, लग्नावरून लावा, 'पोळ्याच्या आसपास' हे पण चालतं. वाक्यं साधी ठेवा आणि आजाराची नावं नका लिहू, काय दिसलं ते लिहा. 'फिट आली' असं न लिहिता 'डावा हात आधी झटके देत होता, डोळे उघडे होते, दोन मिनिटं चाललं, नंतर झोपला' असं लिहा. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच लिहा की, डॉक्टरसमोर प्रमाण मराठी करायच्या नादात नेमकी गोष्ट निसटते. पावरी किंवा भिली बोलणारा पेशंट असेल तर सोबत दोन्ही भाषा येणारा घरचा माणूस न्याच.

मग औषधं. कोणतं दिलं, किती दिवस, त्याने फरक पडला का, बिघडलं का. इथे आपल्याकडची मोठी अडचण म्हणजे नाव नसलेल्या पुड्या, पांढऱ्या गोळ्या आणि 'एक इंजेक्शन मारून दिलं'. त्यात स्टिरॉईड असेल तर दोन दिवस एकदम बरं वाटतं आणि खरी खूण झाकली जाते, लिम्फोमासारख्या (एक प्रकारचा कॅन्सर) गाठीची बायोप्सी म्हणजे तुकड्याची तपासणी सुद्धा स्टिरॉईड आधी पोटात गेलं असेल तर फसू शकते. म्हणून दर वेळी नाव लिहून मागा, चिठ्ठीवर नाही लिहिलं तर रिकामं पाकीट मागून घ्या आणि फाइलला लावा. चूर्ण, काढा, मुळी घेतली असेल तर ते पण लिहा, डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

रिपोर्ट तारखेने लावा, जुना खाली नवा वर, आणि मूळ प्रत कोणालाही देऊन टाकू नका. एमआरआय, सीटीचा नुसता कागद उपयोगाचा नाही, सीडी मागून घ्या, कारण पुढचा रेडिओलॉजिस्ट चित्रं स्वतः बघणार. बायोप्सी झाली असेल तर त्याची स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) लॅबमध्ये असतो, तो मागता येतो आणि दुसऱ्या ठिकाणी परत वाचून घेता येतो. दवाखाना कागद देत नसेल तर लेखी अर्ज करा, २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात पेशंटने मागितल्यावर ७२ तासात रेकॉर्ड द्यायचं स्पष्ट लिहिलंय.

मोबाइलचा सगळ्यात चांगला उपयोग इथे आहे. त्रास ओपीडीच्या वेळेला विचारून येत नाही, म्हणून झटका, लंगडणं, थरथर, जे होतं त्याचा व्हिडिओ काढा. पापणी संध्याकाळी पडते आणि सकाळी नीट असते? सकाळ-संध्याकाळचे फोटो काढा, मायस्थेनियाचा (स्नायू वापरले की थकणारा आजार) विचार डॉक्टरच्या डोक्यात त्या दोन फोटोंनी येतो. जुना लग्नाचा अल्बम पण काढा. चेहरा मोठा होत गेला, अंगठी बसेना, चपलेचा नंबर वाढला, हे इतकं हळू होतं की रोज बघणाऱ्याला कळत नाही आणि दहा वर्षापूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की ॲक्रोमेगलीचा (वाढीचं हार्मोन जास्त बनण्याचा आजार) संशय लगेच येतो.

काही आजार वेळेवरच पकडावे लागतात

हे मला जरा सविस्तर सांगायचंय कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. तरुण पोरगा लग्नात दाबून जेवला, पंगतीत गोड भरपूर झालं, सकाळी उठला तर पाय उचलेना. घरात गोंधळ, कोणी म्हणतं वारं गेलं, कोणी म्हणतं बाहेरचं आहे, भगताला बोलावतात, आणि दुपारपर्यंत पोरगा आपोआप चालायला लागतो म्हणून भगत खरा ठरतो. हा पिरियॉडिक पॅरालिसिस असू शकतो, ज्यात रक्तातलं पोटॅशियम तेवढ्या वेळापुरतं खाली जातं. दोन दिवसांनी तपासलं तर रिपोर्ट एकदम नॉर्मल येतो. म्हणून आजीशी वाद घालत बसू नका, अंगारा लावायचा तर लावू द्या, पण त्याच तासाला गाडी काढून पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या आणि थायरॉईड पण तपासा. आणि अशक्तपणा म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावत असतील तर आधी पोटॅशियम बघा असं सांगा, कारण ग्लुकोजने ते अजून उतरू शकतं. त्यात श्वास जड वाटला, गिळता येईना, तर फाइल वगैरे सोडा, सरळ मोठ्या दवाखान्याची इमर्जन्सी.

तसंच पोरफिरियाचं, म्हणजे रक्तातला लाल घटक बनवण्याच्या क्रियेतल्या बिघाडाचं. पोटात असह्य दुखतं, सोनोग्राफी नॉर्मल, अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन पण होऊन जातं आणि दुखणं तसंच. लघवी काचेच्या बाटलीत उन्हात ठेवली की गडद लालसर होते ही खूण. यात लघवीतलं पोर्फोबिलिनोजेन (ह्या बिघाडात वाढणारा पदार्थ) दुखणं चालू असतानाच तपासायचं असतं आणि सॅम्पल उजेडापासून झाकून न्यायचं, नाहीतर रिपोर्टवर भरवसा नाही.

आपल्या उन्हाचाही यात संबंध येतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ पार जातो तेव्हा एखाद्या लहान पोराला सारखा जोराचा ताप, प्रत्येक वेळी अँटिबायोटिक, आणि थंड पाण्याने पुसलं की ताप उतरतो. त्याला घाम येतो का बघा. दात उशिरा आणि मोजकेच आलेत का, टोकदार आहेत का, केस विरळ आहेत का? मग हायपोहायड्रोटिक एक्टोडर्मल डिस्प्लेसिया असू शकतो, घामाच्या ग्रंथीच नीट बनलेल्या नसतात. १९ व्या शतकात डार्विनने सिंधमधल्या एका कुटुंबाचं असंच वर्णन केलंय, पुरुषांना मोजके दात, अंगावर केस कमी, उन्हाळ्यात हाल, आणि मुलींना स्वतःला त्रास नाही पण त्यांच्या पोरांना होतो. अशा पोराला औषधापेक्षा ओला गमछा, कूलर आणि शाळेत सावलीतली जागा जास्त लागते. थोडा मोठा पोरगा असेल, घाम कमी आणि उन्हात हातापायाची आग आग होत असेल तर फॅब्री ह्या अनुवांशिक आजाराचा विचार व्हावा, लघवीतलं प्रोटीन तपासावं.

नवजात बाळाचं तर अजून घाईचं. दोन-तीन दिवस छान दूध पिणारं बाळ अचानक दूध सोडतं, सुस्त पडतं, तेव्हा इन्फेक्शन धरून उपचार सुरू करतात आणि ते बरोबरच आहे, पण सोबत शुगर, अमोनिया, ब्लड गॅस बघितलं का आणि टीएमएससाठी (शरीरातल्या रासायनिक बिघाडाचे आजार एकत्र शोधणारी टेस्ट) रक्ताचे थेंब कागदावर घेतले का एवढं विचाराच. ज्या घरात आधीचं एक बाळ असंच गेलंय तिथे तर पहिल्याच तासाला हे सांगा. आणि लिहायला जड जातंय पण बाळ वाचत नाही असं दिसलं तरी डीएनएसाठी रक्त साठवून ठेवायला सांगा, पुढच्या गरोदरपणात तपासणी करायची तर तेच कामी येतं.

घराण्याचा तक्ता

एका कागदावर तीन पिढ्या काढा, आजी-आजोबांपासून. पुरुष चौकोन, बाई गोल. लहानपणी गेलेली मुलं, पडलेले गर्भ, 'वेडसर होता', 'लंगडा होता', 'तरुणपणी अचानक गेला' सगळं लिहा. गावातल्या म्हाताऱ्यांकडे बसलात की हे सगळं निघतं. आईकडची बाजू हटकून काढा, कारण हिमोफिलिया (रक्त नीट न गोठणं), ड्यूशेनसारखे आजार आईकडून मुलाला येतात, मामाला किंवा मावशीच्या मुलाला होतं का ते विचारायचं. मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तेही लिहा.

आणि एक कळकळीने सांगतो, ह्या तक्त्याचा वापर सुनेला टोचायला करू नका. ड्यूशेनच्या साधारण एक तृतीयांश मुलांत तो बदल नव्यानेच झालेला असतो, आईत नसतोच. सिकलसेल, विल्सनसारख्या (शरीरात तांबं साठणारा आजार) आजारांत तर आई आणि बाप दोघेही वाहक असावे लागतात, प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. यात कोणाचाही गुन्हा नाही.

डॉक्टरसमोर काय विचारायचं

ओपीडीत वेळ मोजका असतो. वहीतलं सगळं वाचून दाखवू नका, एक पानाचा सारांश समोर ठेवा आणि नम्रपणे तीन प्रश्न विचारा. सर, यातली कोणती गोष्ट ह्या निदानात बसत नाही? हे नसेल तर दुसरं काय असू शकतं? आणि ते नक्की करायला कोणती टेस्ट लागेल? 'नेटवर असं लिहिलंय' म्हणून सुरुवात केली की डॉक्टर वैतागतो, ह्या प्रश्नांनी तो विचार करायला लागतो, हा फरक मी परत परत पाहिलाय. नुसत्या अंदाजाने टीबीची औषधं सुरू करत असतील तर गाठीचा तुकडा किंवा छाती-पोटात साठलेलं पाणी सीबीनॅटला (टीबीचे जंतू ओळखणारी टेस्ट) पाठवलं का हे विचारा, सारकॉइडोसिससारखे टीबीसारखे दिसणारे आजार टीबीच्या नावाखाली महिनोन्‌महिने दबून राहतात. किशोरवयीन मुलाला कावीळ किंवा लिव्हर खराब, त्यात अक्षर बिघडलं, लाळ गळते, स्वभाव बदलला, तर डोळ्याच्या डॉक्टरकडे स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राने बुबुळाभोवतीचं तांब्याचं कडं बघून घ्या आणि सेरुलोप्लाझ्मिन ही रक्ततपासणी करा. विल्सन आजारावर गोळ्या आहेत, पण लवकर सापडला तर.

जेनेटिक टेस्टबद्दल थोडं. एक्झोम ही जीन्सची टेस्ट केली म्हणजे सगळं कळलं असं नाही. ती जीनोमचा (आपल्या सगळ्या डीएनएचा) एक-दोन टक्के भागच वाचते, काही प्रकारचे बदल त्यात दिसत नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असा अर्थ होत नाही, आणि 'अर्थ अनिश्चित' असं लिहून आलं तर त्यावर कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. तोच डेटा एक-दोन वर्षांनी परत वाचून घेता येतो, म्हणून लॅबकडून मूळ डेटा मागून ठेवा. टेस्टच्या आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बोललात तर चुकीची टेस्ट करून पैसे वाया जात नाहीत.

कुठे जायचं आणि पैशाचं काय

सुरुवात घराजवळून. १८ वर्षाखालच्या मुलासाठी अंगणवाडी आणि शाळेत येणारं आरबीएसकेचं (मुलांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम) पथक असतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयात रेफर होता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथून रेफर चिठ्ठी घेऊनच पुढे जा. पुढे म्हणजे मुंबईत परळचं केईएम, जे २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सेंटर ऑफ एक्सलन्स म्हणजे ठरवून दिलेलं खास केंद्र आहे. त्या धोरणात यादीतल्या आजारांसाठी एका पेशंटला ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण ती पेशंटच्या खात्यात येत नाही, सेंटरमार्फतच मिळते. म्हणजे निदान पक्कं होऊन तिथे नोंद होणं ही पहिली पायरी, त्याशिवाय काहीच हलत नाही. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात धरलेत, यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या कार्डासाठी अर्ज करा. रात्रीच्या गाडीने जाणार असाल तर फाइल सामानात नको, हातात ठेवा, आणि सगळे कागद मोबाइलमध्ये फोटो काढून घरच्या दुसऱ्या एकाला पाठवून ठेवा.

निदान लागलं की भावंडांची तपासणी त्याच महिन्यात करून घ्या, विल्सनमध्ये तर वरून ठणठणीत दिसणारं भावंड सुद्धा औषधाने वाचवता येतं. आणि एक जाड कागदाचं कार्ड बनवा, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, पाकिटात कायम राहील असं. त्यावर आजाराचं नाव, रक्तगट, डॉक्टरचा नंबर आणि काय करायचं नाही ते मोठ्या अक्षरात. हिमोफिलिया असेल तर कमरेत, दंडात इंजेक्शन देऊ नये. मायस्थेनिया असेल तर काही अँटिबायोटिक चालत नाहीत, त्यांची नावं डॉक्टरकडून लिहून घ्या. पोरफिरियात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या औषधांची यादी. ॲडिसन (शरीरात स्वतःचं स्टिरॉईड कमी बनण्याचा आजार) असेल तर स्टिरॉईडची गोळी एक दिवस पण बंद करू नये आणि उलट्या सुरू झाल्या तर लगेच इंजेक्शन द्यावं. एक कार्ड पेशंटकडे, एक शाळेच्या सरांकडे, एक गावातल्या डॉक्टरकडे देऊन ठेवा.